मॉनिटरचा टीव्ही केला, त्याचा हिशोब

मे महिन्यात, ऐन ४५ डिग्रीत, आमच्या टीव्हीने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनल गेलं, यात पैसे घालू नका. कपाटावर माझा २१.५ इंची मॉनिटर धूळ खात होता, लॉकडाउनमध्ये घरून शिकवायला घेतलेला. म्हटलं, लावून तर बघू. आमचं अमळनेर म्हणजे विप्रोचं जन्मगाव. १९४५ साली वनस्पती तुपापासून निघालेली कंपनी पुढे कॉम्प्युटरपर्यंत पोचली. मग मॉनिटरपासून टीव्हीपर्यंत जायला आपल्याला कितीसा वेळ लागणार?

लागला. एक आठवडा.

सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय वायर जोडली, तर पडद्यावर नुसतं 'आउट ऑफ रेंज'. बॉक्स १०८०आय सोडत होता, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी. टीव्हीला ते पचतं, माझ्या मॉनिटरला पचेना. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ७२०पी करायचं, म्हणजे सगळ्या ओळी एकदम, एवढंच काम. पण सेटिंग दिसायला आधी चित्र तर यायला हवं! शेवटी बॉक्स काखेत मारून शेजारच्या काकूंकडे गेलो, त्यांच्या टीव्हीला जोडून सेटिंग बदलून आणलं. त्यात त्यांच्या मालिकेची दहा मिनिटं बुडाली. त्या भागात नेमकं कोणाचं तरी लग्न मोडलं म्हणे. अजून ऐकवतात.

चित्र आलं आणि मी खूश. मग रात्री जेवायला बसलो. आमच्याकडे जेवण खाली, पाटावर. मायने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "हाई काय शे रे भो? समदा काया दिखी राह्यनात!" खरंच, खालून बघितलं की बातम्या देणारी बाई कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी. मी दिवाणावर जाऊन बसलो, तर गोरीपान. टीएन पॅनलचा, म्हणजे या मॉनिटरमधल्या स्वस्त जातीच्या पडद्याचा, हा स्वभावच आहे, समोरून ठीक, खालून बघाल तर रंग उलटे. मॉनिटर पुढे झुकवला तर मायचं भागलं, पण दिवाणावर बसलेल्या बाबांना सगळं फिक्कट. एकट्याने खुर्चीत बसून बघायची वस्तू आपण पंगतीत मांडली, त्याचं हे फळ.

म्हणून जळगावला गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड २४ इंची आयपीएस मॉनिटर, म्हणजे कुठूनही बघितलं तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याचा, आणला, ४,५०० रुपयांना. दुकानात पोराला म्हटलं, चालू करून ठेव. आणि मी चक्क फरशीवर बसलो. गिऱ्हाइकं बघत होती, बघू दे. खालून, बाजूने, दरवाजातून, सगळीकडून रंग तेच. घ्यायला जाल तेव्हा लाज न बाळगता असंच बसून बघा. चित्राला मी पैकीच्या पैकी देतो. स्वस्तातले बरेचसे ३२ इंची टीव्ही १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात, हा १९२० बाय १०८० आहे. सहा फुटांवरून स्कोअरचा आकडा स्वच्छ वाचता येतो. दहा फुटांवरून मात्र वाचायचं नाव काढू नका.

आवाजाला शून्य. आत दोन दोन वॅटचे स्पीकर आहेत, आणि खोलीत आमचा लोखंडी कूलर विमानासारखा घोंघावतो. कूलर लावला तर संवाद नाही, संवाद ऐकायचा तर घाम. मॉनिटरच्या मागे हेडफोनचं भोक होतं, त्यातून जुना होम थिएटर जोडला तेव्हा कुठे घरात शांतता, म्हणजे हवा तेवढा गोंगाट, झाला. तुम्ही घेताना ते भोक आहे की नाही आधी बघा. नसेल तर सोडून द्या.

रिमोट नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण जाच रोज नव्याने होतो. सेटटॉप बॉक्सच्या रिमोटने चॅनल आणि आवाज दोन्ही बदलतात, ते बरं. पण भाच्याने आणलेली, इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी स्टिक लावली की तिच्या रिमोटच्या आवाजाच्या बटणांना हा मॉनिटर विचारत नाही. उठून होम थिएटरची कळ फिरवायची. एचडीएमआयचं भोकही एकच, त्यामुळे स्टिक हवी तर बॉक्सची वायर काढा. स्टिकला वीज द्यायला यूएसबी नाही, चार्जर वेगळा लावा.

वीज गेल्यावर मात्र याची किंमत कळते. साधारण २५ वॅट खातो, त्यामुळे छोट्या इन्व्हर्टरवर पंखा आणि मॅच दोन्ही चालू राहतात.

एकट्या राहणाऱ्या पोराने, छोट्या खोलीत, डोळे झाकून घ्यावा. चार माणसांच्या घरात, पैसे असतील तर, टीव्हीच घ्या. आमच्याकडे पैसे कांद्यात अडकलेत, तोवर हाच.

बॉक्स बंद केला की मॉनिटर आपोआप झोपतो, पण त्याचा निळा दिवा रात्रभर लुकलुकतो. बंद करायची सोय मेन्यूत शोधून शोधून दमलो. परवा बघतो तर मायने त्यावर आपली एक मोठी मरून टिकली चिकटवली होती.