पोकराची ऑनलाइन अनुदान सेवा : अर्ज कुठे अडला ते कळते

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावोगावी ज्याला पोकरा म्हणतात तो, 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातील 15 जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. ठिबक, शेततळे, शेडनेट, फळबाग अशा घटकांसाठीची त्याची ऑनलाइन अर्जसेवा मी ग्राम कृषी संजीवनी समितीच्या कामातून जवळून पाहिली आहे. सरकारी कार्यक्रम कसा चालवावा याचा हा चांगला नमुना आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

अर्ज आधी गावच्या समितीपुढे येतो, मग स्थळपाहणी, पूर्वसंमती, खरेदी, बिले चढवणे आणि मोका तपासणी (काम झाल्यावरची जागेवरची पाहणी) होऊन अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. प्रत्येक पायरी नोंदली जात असल्यामुळे आपला अर्ज कोणाकडे थांबला आहे हे शेतकऱ्याला तालुक्याला खेटे न घालता समजते. तपासणीचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह घेतले जाते. त्यामुळे एकाचे शेततळे दुसऱ्याच्या नावावर दाखवणे अवघड होते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच आराखडा करण्याची रीतही मोलाची आहे, कारण आमच्याकडे शेततळी आणि बोअर यांचे नियोजन पाणी न मोजताच होत आले आहे.

उणीव सेवेत कमी आणि अनुभवाच्या देवाणघेवाणीत जास्त आहे. आमच्या भागात सातबाऱ्यावर 'माणिकराव' आणि बँकेत नुसते 'माणिक' असे सर्रास आढळते आणि एवढ्याशा फरकापायी अर्ज परत येतात. एका गावच्या समूह सहाय्यकाने (काही गावांसाठी प्रकल्पाने नेमलेला कर्मचारी) यावर साधा उपाय काढला: ग्रामपंचायतीत बसून सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवायचे, नावे जुळली तरच अर्ज भरायचा. तेथील अर्ज परत येणे जवळजवळ थांबले, पण शेजारच्या गावांत तीच चूक चालू राहिली, कारण हा उपाय कोणी लिहून पुढे दिलाच नाही. शेतकऱ्यांना एकमेकांच्या अनुभवातून शिकता यावे म्हणून हाच प्रकल्प बांधावर शेतीशाळा भरवतो, आणि त्या शेतीशाळांचा उपयोग मी रुंद वरंबा सरीवरच्या (रुंद वाफे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या) सोयाबीनमध्ये पाहिला आहे. तशीच शाळा कृषी सहायक, समूह सहाय्यक आणि समिती सदस्यांची तालुक्यात नियमित भरली पाहिजे, आणि तिच्यात यशोगाथांपेक्षा परत आलेले अर्ज, त्यांच्या कारणांसकट, समोर मांडले पाहिजेत.

दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पाची व्याप्ती 21 जिल्ह्यांपर्यंत वाढली असल्याने नव्या गावांच्या समित्यांना हे पहिल्या वर्षीच मिळावे. तोवर अर्जदारांनी कागदपत्रांवरील नावे आधी जुळवून घ्यावीत आणि पूर्वसंमतीचे पत्र हाती येईपर्यंत दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.