पोकेमॉन स्कार्लेट: फक्त शायनीसाठी खेळणाऱ्याचा अनुभव

पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेमची कथा संपून बरेच महिने झाले. जिममधल्या लढती झाल्या, पोकेडेक्स (पकडलेल्या पोकेमॉनची यादी) भरला, आणि आता मी स्विच हा गेमिंग कन्सोल हातात घेतो तो फक्त शायनीसाठी. गेम मध्येच अडखळतो, लांबची पवनचक्की झटके देत फिरते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आला तेव्हापासून सगळे बोलून बसलेत. त्यात मी भर घालत नाही. वेगळ्या रंगाचा पोकेमॉन शोधत हिंडण्यात मजा येते का, एवढंच सांगतो.

शायनी म्हणजे जात तीच, ताकद तीच, रंग मात्र निराळा. १९९९ मध्ये जपानमध्ये गोल्ड-सिल्व्हर हे पोकेमॉन गेम आले, तेव्हा शायनी भेटण्याचा ८१९२ मध्ये एक असा हिशेब होता. २०१३ च्या एक्स-वायपासून तो ४०९६ मध्ये एक झाला. गोल्ड-सिल्व्हरची एक गंमत आता हरवली आहे. तिथे रंग ठरायचा तो पोकेमॉनच्या ताकदीच्या छुप्या आकड्यांवरून, आणि ते आकडे काही अंशी आई-बापाकडून पिल्लाकडे यायचे. त्यामुळे एक पालक शायनी असला की अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता थेट ६४ मध्ये एक. काळा बिबट्या जसा जनुकांतून येतो, तसं काहीसं. पुढच्या पिढ्यांत हा वारसा तोडून टाकला. आता दोन्ही पालक शायनी असले तरी पिल्लाला त्याचा काही उपयोग नाही. हिशेबाला ते बरंच आहे, पण मला जुनी पद्धत जास्त आवडायची.

स्कार्लेटचं वेगळेपण म्हणजे शायनी इथे गप्प असतो. लेजेंड्स: आर्सियस या दुसऱ्या पोकेमॉन गेममध्ये जवळपास शायनी आला की खास आवाज व्हायचा, अंगावर चमक दिसायची. इथे मैदानात काहीच नाही. चमक दिसते ती लढाई सुरू झाल्यावर. तोपर्यंत भिस्त सगळी डोळ्यांवर. गुलाबी हॉपिपचा शायनी हिरवा असतो, आणि तो फिरतो कुठे, तर गवतात! वाऱ्यावर तरंगताना मागे आकाश आलं तरच नजरेत भरतो. राल्ट्सचं तर आणखी अवघड. डोक्यावरचं हिरवं निळं होतं, पण हे ध्यान मुळात एवढंसं की कॅमेरा पार जमिनीला टेकवून बघावं लागतं. गिबलची निळाई किंचित फिकट होते. ऊन उतरलं की मला तरी फरक कळत नाही. उलट सायडकचा पिवळा जाऊन फिका निळा येतो, तो नदीपलीकडूनही चुकत नाही.

यावर उपाय म्हणजे आर बटण. सोबतचा पोकेमॉन पुढे सोडला की तो समोर येईल त्याला परस्पर लोळवत सुटतो, पण समोर शायनी असेल तर अंगावर जात नाही. तो अडून बसला की समजायचं. मी गिबलसाठी सर्रास हेच करतो. तरीही मला हा गप्पपणा खटकत नाही. आर्सियसमध्ये कान शोधायचे आणि मी मोबाईल बघत बसायचो. इथे तशी सोय नाही. नंतरच्या लेजेंड्स: झेड-ए या गेममध्ये आवाज परत आला, लोक खूश झाले, मी जरा कमी खूश.

शक्यता वाढवायची गणितं मात्र इथे मस्त जुळवलीत. नकाशावर आउटब्रेक, म्हणजे एकाच जातीच्या पोकेमॉनची गर्दी, दिसला की तिथे जाऊन त्याच जातीचे ६० लोळवायचे. मग ४०९६ चा आकडा साधारण १३६५ वर येतो. गेममधल्या पाल्डिया प्रदेशाचा चारशेचा पोकेडेक्स पूर्ण करून तिथल्या नारांखा अकादमीतल्या जॅक सरांकडून शायनी चार्म (शायनीची शक्यता वाढवणारी वस्तू) घेतला की ८१९. त्यावर तिसऱ्या पातळीची स्पार्कलिंग पॉवर, म्हणजे शायनीची शक्यता वाढवणारा परिणाम, देणारं सँडविच गेममध्ये खाल्लं की ५१२. सँडविचला हर्बा मिस्टिका नावाच्या दोन दुर्मीळ वनस्पती लागतात, आणि त्या मिळतात पाच-सहा ताऱ्यांच्या रेडमधून (अवघड गट-लढायांमधून), त्याही नशिबाने. सोबत कोणता घटक टाकता त्यावर कोणत्या प्रकारचे पोकेमॉन जास्त येणार ते ठरतं: काकडी घातली की वॉटर, कांदा घातला की सायकिक, अव्होकॅडो घातला की ड्रॅगन. परिणाम ३० मिनिटं टिकतो. म्हणून आधी गेम सेव्ह करायचा, मगच पाव हातात घ्यायचा. काही हाती नाही लागलं तर बंद करून पुन्हा सुरू करा, हर्बा तुमच्या पिशवीत तशाच.

त्या अर्ध्या तासाचं काम अगदी साचेबंद आहे. पिकनिकचं टेबल मांडायचं, लगेच उचलायचं. आजूबाजूचे सगळे पोकेमॉन नवे येतात. एक चक्कर मारून बघायचं, की पुन्हा टेबल. कंटाळवाणं आहे, नाकारत नाही. रात्री जेवण झाल्यावर डोकं बंद ठेवून करायला मला चालतं. ज्यांना सतत काही घडायला हवं त्यांनी लांबच राहावं.

अंड्यांचा मार्गही आहे, मासुदा मेथड. दोन पालक वेगवेगळ्या भाषेतल्या गेममधले असले की अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता ६८३ मध्ये एक, चार्म असेल तर ५१२ मध्ये एक. माझा आतेभाऊ जर्मनीत असतो आणि गेमही जर्मनमध्येच खेळतो. त्याच्याकडून एक डिट्टो (जवळपास कुणाशीही जोडी जमणारा पोकेमॉन) घेतला, काम झालं. पण अंडी घेऊन नुसतं गोल गोल पळत राहणं माझ्याच्याने फार होत नाही. मैदानात नजर तरी कामाला असते.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. टँडमाउस नावाची उंदरांची जोडी २५ व्या लेव्हलला मॉसहोल्ड होते. बहुतेक वेळा आई-बाप आणि दोन पिल्लं. शंभरात एखाद्या कुटुंबात मात्र एकच पिल्लू. डनस्पार्स नावाचा पोकेमॉन हायपर ड्रिल हा डाव शिकला की डुडनस्पार्स होतो. त्याच्या अंगाला एरवी दोन भाग, शंभरात एखाद्याला तीन. हे उत्क्रांतीच्या क्षणी ठरत नाही. तो पोकेमॉन तयार झाला तेव्हाच आत लिहिलेल्या एका आकड्यावरून ठरलेलं असतं, आणि पकडताना बाहेरून काहीही दिसत नाही. तीन भागांचा डुडनस्पार्स शायनीसुद्धा हवा असेल तर गणित करून बघा. मी केलं आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

मला हे दुर्मीळ रूप शायनीपेक्षा भारी वाटतं. शायनीत गेम तुम्हाला निदान रंग तरी दाखवतो. इथे मात्र पकडा, वाढवा आणि बघा. बाकी लोक यासाठी अदलाबदलीत फारसं काही देत नाहीत. तीन उंदरांच्या मॉसहोल्डवर मी मागितलेला साधा शायनी लेचाँकही (डुकरासारखा पोकेमॉन) कुणी दिला नाही. मग तो मॉसहोल्ड मीच ठेवला. सध्या बॉक्समध्ये डनस्पार्स इतके साठलेत की हायपर ड्रिलपर्यंत नेण्याएवढी कँडी (पोकेमॉनची लेव्हल वाढवणारी) जमवायला पुन्हा रेडच करावे लागणार आहेत.