माझदा एमएक्स-५, पहिली पिढी: दाराची रबरं बदलली, त्यानंतरचा हिवाळा

एमएक्स-५ म्हणजे माझदाची कापडी छताची दोन आसनी गाडी. तिची पहिली पिढी १९८९ ते १९९७ या काळात बनली. म्हणजे शेवटच्या वर्षातल्या गाडीचं मूळ रबरसुद्धा आता पंचवीस वर्षांच्या पुढचं आहे. इंग्लंडात फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या जपानमधून वापरून आलेल्या, तिथल्या 'युनोस रोडस्टर' नावाच्या. त्यांच्या रबरांनी आधी तिकडचं ऊन खाल्लेलं असतं आणि मग इकडचा पाऊस. नव्या रबरांवर अख्खा हिवाळा काढल्यावर एक गोष्ट ठाम सांगता येते. रबर बदलणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं दाराच्या काचेच्या जागेत आहे, आणि गळती थांबते ती तिथे.

पण पैसे घालवण्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघा. सीटच्या मागचं कार्पेट ओलं असेल तर संशय आधी ड्रेनवर घ्या. कापडी छताच्या मागच्या कडेला पाणी गोळा करणारी पन्हळ असते. तिच्यातलं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली जाऊन मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली पडतं. पानं आणि माती अडकली की ते वर चढतं, आत येतं आणि दाराखालच्या सिलमध्येही, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीतही, मुरतं. या गाडीचे सिल आतून कुजतात त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि तसे सिल एमओटीला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीला, नापास होतात. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी टोक गोल करून हळूहळू आत घालायची. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला प्लॅस्टिकचा भाग जागचा हलतो आणि मग पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जातं.

दुसरा संशयित दारातला प्लॅस्टिकचा पडदा. काचेच्या बुडाशी बाहेरून असलेली रबरपट्टी सगळं पाणी अडवत नाही, तिचं ते कामच नाही. थोडं पाणी दाराच्या आत उतरणारच. ते दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना आहे. भोकं बुजलेली असतील, किंवा कुणी स्पीकर बसवताना पडदा फाडला असेल, तर पाणी दाराच्या पॅनेलखालून पायाशी येतं. त्यावर महागडं रबर घालून काहीही फरक पडत नाही. पडदा नवीन ब्यूटाइलच्या (मऊ, चिकट रबराच्या) दोरीने चिकटवा. सिलिकॉनने चिकटवला तर पुढच्या वेळी उघडताना फाटतो.

दोन्ही गोष्टी ठीक असूनही पाणी मांडीवर किंवा गुडघ्यावर ठिबकत असेल, तर मात्र ती रबरांची गळती. बहुतेक वेळा ती पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात असते. त्या काचेच्या कडेच्या खांबाचं रबर, छताचं रबर आणि दाराची काच तिथेच एकत्र येतात.

'दाराचं रबर' म्हणून एकच वस्तू मागवू नका. गाडीच्या प्रत्येक बाजूला दाराच्या उघडणीच्या पत्र्याच्या कडेवर दाबून बसणारं मोठं रबर असतं, त्याच्या पोटात धातूचा कणा आणि कडेला पोकळ नळी. पुढच्या खांबावर वेगळं रबर. छताच्या सांगाड्यावर काचेच्या वरच्या कडेसाठी तीन तुकडे. दाराला काचेची चौकट नसल्यामुळे वरची सगळी भिस्त या शेवटच्या दोघांवर आहे. बजेट कमी असेल तर खांबाचं रबर आणि छताचा पुढचा तुकडा आधी घ्या, खालचं मोठं रबर नंतर. लोक नेमकं उलट करतात, कारण फाटलेलं दिसतं ते खालचं.

मूळ कंपनीचं की स्वस्तातलं? मोठ्या रबराच्या बाबतीत स्वस्तातलं चालून जातं, फक्त बसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. नळी बोटांनी दाबून सोडली की लगेच मूळ आकारात आली पाहिजे. आणि नळीला ठरावीक अंतरावर बारीक छिद्रं हवीत. ती नसतील तर दार लावताना आतली हवा कोंडते आणि दार उसळी खाऊन परत येतं. खांबाच्या रबरात मात्र काटकसर करू नका. त्याचा कोपरा साच्यात घडवलेला असतो, आणि तो एक-दोन मिलिमीटरने चुकला तरी काच तिथे टेकत नाही. माझदाने २०१७ मध्ये जपानात या पिढीसाठी जीर्णोद्धार सेवा जाहीर केली आणि काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, तेव्हा मूळ भाग मिळणारच नाही असं गृहीत धरून बसू नका.

मोठं रबर काढणं सोपं आहे. सिलवरची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रू आणि क्लिप काढून बाजूला ठेवा, मग रबर तळापासून हाताने उपटत वर जा. जुनं फेकू नका. जोड कुठे होता, कोपरे कुठे येत होते हे त्याच्यावरूनच कळतं. नवं रबर जुन्याशेजारी जमिनीवर पसरून खडूने खुणा करून घ्या.

आता पत्र्याची कड उघडी पडते, आणि घाई करायची नाही ती इथेच. जुना चिकटा काढा, गंज तारेच्या ब्रशने घासा, जस्ताचा प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर रबर दाबलं तर धातूचा कणा रंग खरवडतो आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. कड कुठे वाकली असेल तर पक्कडीच्या जबड्यांना टेप गुंडाळून सरळ करा. वाकड्या कडेवर रबर बसतं, पण नळी तिरकी राहते.

बसवताना आधी कोपरे, मग मधली लांबी. रबर ओढायचं नाही. ओढून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आकसतं, कोपऱ्यातून सुटतं आणि जोडाशी फट पडते. उलट किंचित सैल ठेवून रबरी हातोडीने ठोकत सामावून घ्यायचं. थंडीत काम करत असाल तर रबर आधी घरात गरम जागी ठेवा. जोड सिलच्या सपाट भागावर घ्या, कोपऱ्यावर किंवा खांबावर नको. कापायची वेळ आली तर १० मिलिमीटर जास्त ठेवूनच कापा. कार्पेटची कड रबराच्या ओठाखाली गेली का तेही बघा, नाहीतर ते महिनाभरात गोळा होतं.

खांबाच्या रबराला वेळ जास्त लागतो. ते रिटेनरमध्ये, म्हणजे रबर धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीत बसतं आणि रिटेनरचे स्क्रू गंजलेले असतात. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, आणि जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरा. साधा फिलिप्स वापरला तर डोकी गोल होतात. रिटेनर काढलाच आहे तर त्याच्या मागे नवी ब्यूटाइल टेप लावा. रबराच्या पुढून न येता रिटेनरच्या मागून झिरपणारं पाणी शोधताना भलेभले चकतात.

यानंतर काच. नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं, आणि काच मात्र चपट्या झालेल्या रबराच्या हिशेबाने, किंवा मधल्या कुण्या मेकॅनिकच्या हिशेबाने लावलेली असते. दाराचं पॅनेल काढा आणि काचेच्या गाईडचे बोल्ट सैल करण्याआधी त्यांच्या जागा मार्करने आखून ठेवा. खालचं टोक बाहेर सरकवलं की वरची कड आत झुकते, हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. एका वेळी एक मिलिमीटर. प्रत्येक फेरबदलानंतर कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यात धरून दार लावा आणि ओढून बघा. पट्टी सगळीकडे सारख्याच जोराने निघाली पाहिजे. सहज निघते तिथे गळती होणार, फाटते तिथे रबर लवकर चपटं होणार.

काच जुळल्याशिवाय दाराच्या स्ट्रायकरला, म्हणजे दाराची कडी ज्यात अडकते त्या भागाला, हात लावू नका. नव्या रबराने दार जड लागतं म्हणून लोक स्ट्रायकर बाहेर सरकवतात, आणि रबर मऊ झालं की दार खडखडू लागतं. खडखड आधीपासूनच असेल तर दाराच्या मागच्या कडेवरची पाचर झिजली आहे का बघा. तो दोष रबराचा नव्हे.

पाण्याची चाचणी पाइपाने, नोझल न लावता. एकजण आत टॉर्च घेऊन. आधी सिल, मग मागची कड, मग खांब, सगळ्यात शेवटी छत, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं हे कळतच नाही. प्रेशर वॉशर लावू नका, त्यापुढे कोरी करकरीत गाडीही गळते.

आता इतक्या महिन्यांनंतरचं. सुरुवातीचे काही आठवडे दार आपटूनच लावावं लागलं. गाडीची केबिन एवढीशी, हवा जायला जागा नाही. काच बोटभर खाली घेतली की दार सहज लागतं. गाडी उभी असताना दारं पूर्ण बंद ठेवली तर नळी लवकर दबून जागी बसते. हिवाळ्याच्या मध्यापर्यंत दार साध्या ढकलीने लागू लागलं. मोटरवेवर ७० मैलांच्या वेगाला काचेच्या वरच्या कडेची शिट्टी गेली, पण छताच्या कापडाचा आवाज तसाच आहे. तो रबराने जाणार नव्हताच. या गाडीने लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीकडून बरंच काही घेतलं, शांतता त्या यादीत नव्हती.

रबर असं दबून बसल्यावर कागदाची चाचणी पुन्हा घ्या. इथे ड्रायव्हरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी सैल निघू लागली होती. काच अर्ध्या मिलिमीटरने आत घेतल्यावर तिथली ओल थांबली. हे दुसऱ्यांदा जुळवणं बहुतेक जण करत नाहीत आणि मग रबराला नावं ठेवतात.

थंडीत रबर काचेला गोठून चिकटतं. सकाळी दार हिसका मारून उघडलं तर खांबाच्या रबराचा ओठच फाटतो. थंडी सुरू होण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, जास्तीचं फडक्याने पुसा. पेट्रोलियम जेली किंवा मशीनचं तेल नको, त्याने हे रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. काचेवर ग्रीस लागलं तर पावसात रात्री समोरच्या दिव्यांचे पट्टे दिसतात, त्यामुळे ते लगेच साफ करा.

सगळ्यात आधी झिजतं ते ड्रायव्हरच्या सिलवरचं रबर. गाडी इतकी खाली की चढता-उतरताना टाच आणि पँटची शिवण तिथे घासतेच. तेवढा भाग आत्ताच चपटा दिसू लागलाय. पाणी अजून येत नाही, कारण तिथे दाराची कड चांगली टेकते. पण जुन्या रबराचा त्या जागेचा तुकडा टाकून देण्याऐवजी ठेवलाय. नळी फाटली की त्यातून पट्टी कापून आत सरकवता येईल, तोवर अख्खं रबर घ्यायची गरज नाही.