प्लायचा उभा रॅक आणि दोन चाकांची गाडी: दहा महिने वापरून झाल्यावर

वागळे इस्टेटमध्ये आमचा लहानसा गाळा आहे, किचन आणि वॉर्डरोबची कामं चालतात. गेल्या ऑक्टोबरपर्यंत प्लायची थप्पी जमिनीवर आडवी असायची, खाली बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या टाकून. तशी ती पद्धत वाईट नाही, प्लाय सरळ राहतो. पण हवी ती शीट नेमकी तळाशी. ८ बाय ४ ची १९ एमएमची शीट ३० किलोच्या वर भरते. वरच्या नऊ उतरवा, एक काढा, नऊ परत चढवा. दिवसातून दोनदा हे झालं की संध्याकाळी कंबर कामातून गेलेली. शेवटी जवळच्या वेल्डरकडून शीट उभ्या ठेवायचा रॅक आणि शीट न्यायची गाडी, दोन्ही करून घेतलं.

आधी रॅकबद्दल, कारण चुका तिथेच जास्त झाल्या.

४० बाय ४० बाय ५ एमएमचा अँगल, म्हणजे एल आकाराची लोखंडी पट्टी घेतली. मीटरला ३ किलो वजन, आणि वेल्डर पैसे किलोवर लावतो, त्यामुळे खर्च आधीच कागदावर काढता आला. शीट लांब बाजूवर उभी राहते, एका टोकाने सरकवत बाहेर काढायची. म्हणजे रॅकच्या तोंडासमोर आठ फूट मोकळे लागतात, हे विसरू नका. आमच्याकडे समोरच पॅनेल सॉ, म्हणजे शीट कापायचं मशीन आहे म्हणून निभावलं.

कप्पे मात्र मी एकेक फुटाचे सांगितले. म्हटलं, १५-१६ शीट बसतील, आटोपशीर. पहिल्याच महिन्यात मागची शीट बघायला पुढच्या एकेक करून अंगावर कलत्या घेतल्या, वहीची पानं उलटतो तशा. आठवी छातीला टेकली तेव्हा लक्षात आलं की आपण अडीचशे किलो धरून उभे आहोत आणि मागे सरकायला जागा नाही. मिस्त्री ओरडले, "दादा, हलू नका!" धावत येऊन त्यांनी खांदा लावला, दोघांनी मिळून सगळं मागे रेटलं. वेल्डरला बोलावून प्रत्येक कप्प्यात मधोमध पाईप मारून घेतला. आता कप्पा अर्ध्या फुटाचा, शीट सात. आठ बसतात, पण मग बोटं आत जात नाहीत.

६ एमएमचं वेगळंच. अर्ध्या भरलेल्या कप्प्यात ती नीट उभी राहतच नाही, महिन्याभरात पोट येतं. वॉर्डरोबच्या पाठीला लावताना मग चारी बाजूंनी दाबत बसा. पातळ माल आणि सनमायका आता परत आडवा, टेबलाखाली, १९ च्या दोन तुकड्यांमध्ये. म्हणजे उभ्या रॅकने सगळा प्रश्न सुटला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १२ आणि त्यावरच्या जाडीसाठी तो चांगला.

पावसाळ्याने बाकीचं दाखवलं. रॅक भिंतीला चिकटवून ठेवला होता, जागा वाचावी म्हणून. जुलैत मागची शीट बाहेर ओढली तर भिंतीवर ओलीचा जसा डाग, तश्शाच आकाराची हिरवट बुरशी शीटवर. कमर्शियल प्लाय होता, म्हणजे पाण्यात न टिकणारा, एका कोपऱ्यात थर सुटायला लागलेले. तेव्हापासून भिंतीपासून तीन इंच अंतर. खाली लाकडी बॅटन होते, शटरखालून पाणी आलं की ते पिऊन बसायचे आणि शीटच्या कडेला द्यायचे. काढून टाकले, आता चार इंच उंचीवर लोखंडी पाईप आणि त्यावर रबर.

रंगाच्या बाबतीत मी कंजूषपणा केला, नुसता रेड ऑक्साईडचा प्रायमर मारला. सागाच्या वेनियरची, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर असलेली एक शीट अँगलला टेकून होती. दमट हवेत लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो, तो पॉलिश पेपरने घासून जात नाही. वेनियर घासून घासून किती घासणार, पापुद्र्याएवढं तर असतं. आता ऑइल पेंटचे दोन हात आणि अँगलच्या प्रत्येक कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली आहे. पंक्चरवाल्याने फुकट दिली.

गाडीला मात्र मी डोळे झाकून पैकीच्या पैकी देईन. साधी आहे: पाच इंची खाच, तिच्या खाली मधोमध आठ इंची दोन चाकं, बस. शीट खाचेत उभी करायची, वरची कड धरून मागून ढकलायची. मध्य बरोबर चाकांवर आला की एका हाताने जागच्या जागी वळते. पहिल्या आठवड्यात अंदाजाने ठेवली, पुढे झुकली आणि कोपरा चेपला. आता गाडीच्या दोन्ही टोकांपासून शीट सारखी बाहेर आहे ना, एवढं बघतो. लहान चाकांची चौकोनी ट्रॉली आधी वापरून पाहिली होती, ती शटरच्या पट्टीतच अडकायची.

टेम्पो आमच्या दारापर्यंत येत नाही, गल्लीत गाड्या उभ्या असतात. साठ-सत्तर फुटांवर माल उतरतो. पूर्वी दोन माणसं लागायची, आता मिस्त्री एकटे आणतात. सुरुवातीला तेच म्हणाले होते, "खांद्यावर आणण्यात उभा जन्म गेला, आता बाबागाडी ढकलू का?" हल्ली पाण्याचा जारसुद्धा तिच्यावर येतो.

दोन गोष्टी सांभाळा. हवेची चाकं घेऊ नका. गाळ्यात स्टेपल पिना आणि अर्ध्या इंची खिळे पडलेले असतातच, महिन्यात दोनदा पंक्चर झालं, मग भरीव रबराची बसवली. आणि वाऱ्यात शीट बाहेर काढू नका. ३२ चौरस फूट म्हणजे होडीचं शीडच. जूनमध्ये एका झोताने गाडीसकट मला शेजाऱ्याच्या शटरवर नेऊन आपटलं.

खाचेत शीट हलू नये म्हणून एक कडी हवी आहे, सध्या पाचर मारून भागवतो. वेल्डर शनिवारी येतो म्हणालाय. कुठल्या शनिवारी, ते विचारायचं राहिलं.