नीटचा कागदी सराव संच: दिवाळीपासून वापरल्यानंतरचा अनुभव

आम्ही अमळनेरचे. मुलगी बारावीला, यंदा मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा देतेय. लातूर किंवा कोटाला पाठवायचं नाही, घरी राहूनच अभ्यास करायचा, हे आधीच ठरलं होतं. एनसीईआरटीचं जीवशास्त्र तिने ओळीओळीला रेघा मारून वाचलंय. तरी मोबाइलवरच्या चाचणीत येणारे गुण कागदावर येत नव्हते. म्हणून दिवाळीत जळगावच्या एका दुकानातून सराव संच आणला: मागच्या वर्षांचे पेपर, काही नवे पेपर आणि कोऱ्या ओएमआर शीटचं, म्हणजे गोल भरून उत्तरं द्यायच्या कागदांचं, पॅड.

पैसे वसूल झाले ते पॅडमुळेच. 180 प्रश्न, 180 मिनिटं, आणि गोलही तेवढ्याच वेळात भरायचे. मोबाइलवर उत्तर बदलता येतं. इथे काळ्या बॉलपेनने गोल भरला की भरला. एकाच प्रश्नाचे दोन गोल भरले तर उत्तर चूक धरतात, म्हणजे हातचे चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. आधी ती पेपरात टिक करून सगळे गोल शेवटी भरायची. एक प्रश्न सोडलेला असला आणि घाईत ते लक्षात राहिलं नाही, की 113 चं उत्तर 112 समोर, 114 चं 113 समोर, अशी अख्खी रांग सरकायची. उत्तरं सगळी येत असताना गुण जाताना पाहून जीव तुटायचा. मग पद्धत बदलली. पान संपलं की त्या पानाचे गोल लगेच भरायचे आणि सोडलेल्या प्रश्नाच्या आकड्याभोवती पेपरात ठळक चौकट करायची. जानेवारीपर्यंत हे तिच्या अंगवळणी पडलं.

पेपर दुपारी 2 ते 5 या वेळेतच सोडवायला लावा, हे कळकळीने सांगते. खरी परीक्षा त्याच वेळेला असते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. केंद्राचं दार दीडला बंद होतं, म्हणून रविवारी आमच्याकडे साडेअकरालाच ताटं वाढायची. एप्रिलमध्ये घामाने शीट ओली होऊन शाई पसरू लागली, तेव्हा मनगटाखाली घडी घातलेला सुती रुमाल ठेवला.

आता उणिवा. 2021 ते 2024 च्या पेपरांत 200 प्रश्न असायचे आणि त्यातले 180 सोडवायचे. 2025 पासून ती निवड गेली. संचात ते पेपर जसेच्या तसे छापलेत, एका ओळीची सूचना नाही. 2024 च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातून वगळलेले घन अवस्था, पृष्ठ रसायन, बहुलके यांचे प्रश्नही तसेच. ते मीच पेन्सिलीने काट मारून वेगळे केले. नव्या पेपरांच्या उत्तरसूचीत भौतिकशास्त्राची काही उत्तरं चक्क चुकीची निघाली. तिच्या सरांनी तपासून दिली म्हणून बरं, नाहीतर पोरीचा स्वतःच्या गणितावरचा विश्वास उडाला असता. आणि 2025 च्या पेपरात भौतिकशास्त्राची जी लांबलचक आकडेमोड होती, तिच्या जवळपासही हे नवे पेपर जात नाहीत.

सोबतच्या माहितीपत्रकात पोस्टकार्ड आकाराचा फोटो, बोटांचे ठसे वगैरे व्यवस्थित सांगितलंय. जात वैधता प्रमाणपत्राचा मात्र उल्लेखच नाही! राज्याच्या 85 टक्के कोट्यात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच. नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागातल्या आदिवासी पालकांनी तर अकरावीतच अर्ज टाकावा. जुने पुरावे गोळा करण्यातच कितीतरी महिने जातात. ओबीसीवाल्यांना अखिल भारतीय 15 टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. गुण असूनही एका कागदापायी घराजवळची जागा जाऊ नये.

धाकट्याच्या वेळी पूर्ण संच घेणार नाही. पॅड सुटंही मिळतं, तेवढंच घेईन. जुने पेपर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या अंतिम उत्तरसूचीवरून तपासायचे आणि भौतिकशास्त्राचा सराव सरांकडे.