११२ आणि १०८ : सांगलीतल्या कॉलेज आवारातून वापरताना

विश्रामबागेत वालचंद, विलिंग्डन अशी मोठी आवारं सांगली-मिरज रस्त्याला लागून आहेत. तिथल्या मुलामुलींसाठी ११२ (संकटात पोलीस, अग्निशमन अशी मदत मागायचा नंबर) आणि १०८ (रुग्णवाहिका) या दोन मोफत सेवांचं हे परीक्षण. दोन्ही भरवशाच्या आहेत, पण बहुतेक वेळ पत्ता सांगण्यात वाया जातो.

११२ चा फोन थेट सांगलीत लागत नाही. तो आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथून जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीकडे जातो. १०८ चं केंद्र पुण्यात आहे. त्यामुळे ‘मेसच्या मागं या’ म्हणून भागत नाही. क्रम असा ठेवा: जिल्हा सांगली, तालुका मिरज, विश्रामबाग, कॉलेजचं पूर्ण नाव, कुठलं गेट, कुठली इमारत, कितवा मजला. तालुका मिरज हे हमखास राहून जातं, कारण इथं राहणाऱ्याला सांगली म्हटलं की पुरेसं वाटतं. टॉवरवरून कळणारं ठिकाण ढोबळ असतं, त्यावर विसंबू नका.

मारामारी, छेडछाड, आग असेल तर ११२. माणूस आजारी किंवा जखमी असेल तर सरळ १०८, मधला एक टप्पा वाचतो. १०८ कडे मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या आहेत, साध्या आणि ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर पेशंटसाठीच्या. यातल्या साध्या गाडीत व्हेंटिलेटर नसतो. म्हणून ‘चक्कर आली’ एवढ्यावर थांबू नका. शुद्ध आहे का, श्वास कसा चालू आहे, रक्त किती जातंय, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. लॅबमध्ये शॉक बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मग हात लावायचा. साप चावला असेल तर तसं स्पष्ट सांगा. पाय हलू देऊ नका, दोरी आवळू नका.

आपण फोन ठेवायचा नाही, पलीकडच्यानं ठेवू द्यायचा. त्यानंतर ती लाइन मोकळी ठेवा, कारण ड्रायव्हर त्याच नंबरवर फोन करतो. मित्रांना कळवायला दुसऱ्याचा मोबाइल घ्या. एकानं पेशंटजवळ थांबावं, एकानं गेटवर उभं राहावं. रात्री मागचं गेट कुलपात असेल तर गाडी तिथंच अडते. त्यासाठी वॉचमनचा नंबर फोनमध्ये हवा आणि चावी कुणाकडे असते हेही माहीत हवं. हे काम कॉलेजनं करायला हवं. प्रत्येक मजल्यावर पूर्ण पत्ता छापून लावायला फारसा खर्च येत नाही.

साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ लागतो. नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबायचं, पण ते सेटिंग चालू आहे का ते आजच बघा. रॅगिंगसाठी यूजीसीचा १८००-१८०-५५२२ हा वेगळा नंबर आहे. मारहाण चालू असेल तर मात्र आधी ११२.