दूरसंचार कायद्याच्या हरकती-सूचना: दापोली तालुक्यातून एक परीक्षण

सरकार एखाद्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवते, तेव्हा ती नागरिकांना दिलेली एक सेवाच असते. एस.टी.ची किंवा बँकेची सेवा आपण वापरून पारखतो, तशी तीही पारखायला हवी. दूरसंचार विभागाने २१ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय दूरसंचार विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीने तो वाचला, त्यावर चर्चा केली आणि आपले म्हणणे ईमेलने पाठवले. या सेवेत चांगले काय होते आणि ती कुठे तोकडी पडली, ते इथे नोंदवत आहे.

नव्या कायद्याची गरज होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोबाइल, इंटरनेट आणि टॉवर यांचा सगळा कारभार तोवर १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे चालत होता. तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तरी तिच्यासाठी केलेला कायदा चालूच राहिला होता.

आमच्या वाडीला मात्र या विषयाची ओढ लागली ती ३ जून २०२० मुळे. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली, आणि जनरेटरमधले डिझेल संपल्यावर टॉवरही बंद पडला. मुंबईच्या मुलांना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे कळवण्यासाठी माणसे पडलेल्या झाडांतून वाट काढत सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-पठारावर, जात होती, कारण तिथे कातळाच्या एका टोकाला उभे राहिले की खाडीपलीकडच्या टॉवरची थोडीफार रेंज मिळत असे. फोन लागला की तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई, आणि प्रत्येक जण आपल्या घरचा नंबर सांगून दोन वाक्ये बोलून बाजूला होई.

मसुदा आल्यावर आम्ही त्याची छापील प्रत काढून आणली आणि रात्री देवळाच्या सभामंडपात वाचन ठेवले. मी आणि कॉलेजात शिकणारी माझी पुतणी, दोघे मिळून एकेक कलम इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत होतो. ‘राइट ऑफ वे’ला आम्ही आधी ‘वाटेचा हक्क’ म्हटले, तेव्हा समोरच्यांना बांधावरचे वहिवाटीचे वाद आठवले; केबल नेण्यासाठी किंवा टॉवर उभारण्यासाठी जागा वापरू देण्याची परवानगी, अशी फोड करून सांगितल्यावर खरे प्रश्न सुरू झाले. शेजारच्या काकींनी पुतणीला विचारले, “बाय, वादळात डिझेल संपलं की टॉवर बंद पडतो. ते आणून ठेवायची जबाबदारी यात कुणावर टाकलीय?” आम्ही पाने पुन्हा चाळली. आणीबाणीच्या प्रसंगी सरकारने यंत्रणा ताब्यात घेणे, संदेश तपासणे किंवा सेवा थांबवणे, याविषयी त्यात सविस्तर लिहिले होते. वीज गेल्यावर टॉवर किती तास चालू राहिला पाहिजे, याविषयी आम्हांला काही सापडले नाही. आमची पहिली सूचना तीच होती.

या सेवेच्या जमेच्या बाजू आधी सांगतो. मसुद्यासोबत स्पष्टीकरणाची टिपण्णी जोडलेली होती. शुल्क नव्हते, वकील लागत नव्हता, कोणीही लिहू शकत होते. पहिली मुदत २० ऑक्टोबरची होती, म्हणजे ऐन भातकापणीत. ती आधी ३० ऑक्टोबरपर्यंत आणि मग १० नोव्हेंबरपर्यंत वाढवली गेली, म्हणूनच झोडणी आणि दिवाळी आटोपून आम्हांला लिहिता आले.

उणीव भाषेची आणि उत्तरदायित्वाची आहे, आणि ती कोकणातल्या माणसाला चटकन जाणवते, कारण आम्ही जनसुनावण्या पाहिल्या आहेत. पर्यावरणविषयक जनसुनावणीसाठी २००६ च्या अधिसूचनेने काही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, किमान ३० दिवसांची पूर्वसूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षस्थान, कामकाजाचे चित्रीकरण, आणि लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचे त्याच जागी स्थानिक भाषेत वाचन. ती पद्धत निर्दोष नाही; २०१० मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या सुनावणीच्या वेळी मराठी अहवाल वेळेवर मिळाला नाही, ही गावकऱ्यांची तक्रार होतीच. पण आपले म्हणणे नोंदले गेले की नाही, हे तिथे माणसाला स्वतःच्या कानांनी ऐकता येते. ज्या कायद्याचा संबंध प्रत्येक फोनधारकाशी आहे, त्याच्या मसुद्याला मराठी सारांशही नसावा, हे मला मान्य नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात, म्हणजे कायदा करण्याआधी लोकांची मते घेण्याच्या धोरणात, आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश संकेतस्थळावर ठेवावा, असे म्हटले आहे. दूरसंचार क्षेत्राचे नियामक असलेले ट्राय तर प्रत्येक विचारार्थ प्रबंधावर (एखाद्या विषयावर मते मागवण्यासाठी काढलेल्या टिपणावर) आलेली मते प्रसिद्ध करते, त्यांवर इतरांची प्रतिमते मागवते आणि खुली चर्चाही घेते. या मसुद्यावर आलेल्या हरकती मात्र विभागाने प्रसिद्ध केल्या नाहीत. त्यामुळे आमच्यासारखीच मागणी वेंगुर्ल्याहून किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून कोणी केली होती का, हे आम्हांला कळू शकले नाही.

पुढे १८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत जे विधेयक मांडले गेले, ते आम्ही वाचलेल्या मसुद्यापेक्षा बरेच वेगळे होते. उदाहरणार्थ, आधीच्या मसुद्यातल्या व्याख्येत ओटीटी संदेशसेवांचा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांचा, स्पष्ट उल्लेख होता, तो गळला. हा बदल हरकतींमुळे झाला असणे शक्य आहे, आणि तसे असेल तर प्रक्रियेला त्याचे श्रेय द्यायला हवे. पण नवा मजकूर पुन्हा लोकांपुढे आला नाही. २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने तो मंजूर केला, २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आपत्तीत बचावकार्य करणाऱ्यांच्या संदेशांना प्राधान्य देण्याची तरतूद या कायद्यात आहे, ती मला मोलाची वाटते. पण टॉवरच बंद असेल तर ते प्राधान्य कशाला मिळणार?

कायद्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने येत आहेत. मार्गाधिकाराचे, म्हणजे ‘राइट ऑफ वे’चे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. नियमांचे मसुदे राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत येतात आणि हरकतींसाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी मसुदा एकट्याने वाचू नये, वाडीत मोठ्याने वाचावा आणि पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत तारखेसह जपून ठेवावी. आम्ही आता प्रत्येक मसुद्याचा दोन पानी मराठी गोषवारा करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो, आणि त्याच्या शेवटी आमच्या सूचनांची यादी असते. तिच्यात काकींचा प्रश्न अजून पहिल्या क्रमांकावर आहे.